नायट्रेट गेलं, पण त्याचं झालं काय?

निफाडकडचे एक काका पाच लिटरचा कॅन घेऊन आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. द्राक्षबागेतल्या विहिरीचं पाणी होतं. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीच्या आसपास निघालं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्यात सवलतही नाही.

"मॅडम, उकळून दिलं तर चालंल ना? घरात तान्हं बाळ आहे."

उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणजे प्रमाण वाढतंच. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्यानं कमी होते, अंग निळसर पडतं. पावडरचं दूध या पाण्यात अजिबात कालवू नका, आरओचं पाणी आणा, असं त्यांना बजावून सांगितलं.

उरलेलं पाणी मी नायट्रेट काढायच्या आमच्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे दिवा बसवलेल्या भांड्यात घेतलं. आमचा उत्प्रेरक म्हणजे चांदीचे कण बसवलेली टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी. अतिनील प्रकाश पडला की तिच्यात इलेक्ट्रॉन मोकळे होतात, चांदी ते टिपून नायट्रेटला देते. इलेक्ट्रॉन गेल्यानं झालेली तूट फॉर्मिक आम्ल भरून काढतं. ऊर्ध्वपातित पाण्यात हे छान जमायचं, नायट्रेटमधला बराचसा नायट्रोजन वायू होऊन निघून जायचा.

दुपारी नायट्रेट 45 च्या खाली आलं. विद्यार्थी खूश. मी मात्र नायट्रायटची, म्हणजे नायट्रेटचं रूपांतर अर्धवट राहिलं की जे उरतं त्याची, चाचणी लावायला सांगितली. परीक्षानळी बघता बघता गडद गुलाबी झाली. नायट्रायट तर बाळाला नायट्रेटपेक्षा घातक! दिवा तसाच चालू ठेवला. संध्याकाळी गुलाबी रंग ओसरला, पण नेस्लरचं द्रावण टाकताच पाणी पिवळं-तपकिरी झालं. अमोनिया.

पीएच पाहिल्यावर कारण लक्षात आलं. विहिरीच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं बरंचसं आम्ल खाल्लं होतं. पाणी आम्लधर्मी असेल तरच भुकटीचा पृष्ठभाग धनभारित राहतो आणि नायट्रेट त्याला चिकटतं. आम्ल वाढवावं, तर ते शेवटी पाण्यातून काढायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

नुसता नायट्रेटचा आकडा दाखवून 'पाणी शुद्ध झालं' म्हणणारे अहवाल मला तेव्हापासून पटत नाहीत. आमच्या वहीत आता प्रत्येक नमुन्यापुढे नायट्रेट, नायट्रायट, अमोनिया आणि पीएच असे चार रकाने असतात, आणि चारही भरल्याशिवाय मी सही करत नाही.