सिंहगडाची सुरुवात दुधाच्या पिशवीपासून

‘यंदा सिंहगड एका दमात चढायचा’ असं ठरवणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या बहुतेकांचं घोडं घराच्या उंबऱ्यातच अडतं. हुरूप आला की सुरू करू, असं मनाशी धरलेलं असतं आणि हुरूप काही येत नाही. खरं तर तो बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावर येतो. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीचा पायाच हा आहे. १९७०च्या दशकात पीटर लेविनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेल्या कामातून ती पुढे आली. तिच्यात रुग्णाने बरं वाटण्याची वाट बघत बसायचं नसतं. छोटी कामं वेळ घालून लिहायची आणि मूड असो-नसो, करायची. मन मागून येतं. साध्या कंटाळ्यालाही हे लागू पडतं, म्हणून पहिले दोन आठवडे गड डोक्यातून काढून टाका आणि पाऊल घराबाहेर कसं पडेल एवढंच बघा.

त्याआधी ध्येय नीट लिहून घ्या. ‘फिट व्हायचंय’ याला ना तारीख, ना जागा. ‘डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून निघून गडावरच्या पुणे दरवाजापर्यंत, पाणी प्यायला थांबण्यापलीकडे कुठेही न बसता’ असं लिहिलं की कामाला लागता येतं. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर आहे, पुण्यातल्या वेताळ टेकडीची सुमारे ८००. आतकरवाडीकडून चढ साधारण सहाशे मीटरचा पडतो. सवय नसलेल्याला दीड तास सहज लागतो. हे आकडे समोर असले की तयारीला तीनेक महिने का हवेत ते पटतं, आणि पहिल्याच रविवारी उत्साहात गडावर जाऊन पुढचे चार दिवस जिना उतरताना विव्हळायची वेळ येत नाही.

आता उंबऱ्याचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. ‘मी व्यायाम करणार’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधी बांधून ठेवलेलं वाक्य कृतीपर्यंत जास्त वेळा पोचतं, कारण ऐन वेळी निर्णय घ्यायचा उरत नाही. यातलं ‘अमुक’ म्हणजे सुरुवातीची खूण, आणि ती रोज न चुकता घडणारी हवी. ‘सकाळी लवकर’ ही खूण नाही. ‘दाराची दुधाची पिशवी आत घेतली की लगेच बूट’ ही खूण आहे. बूट दारापाशीच, मोजे बुटात, किल्ली मोज्यांवर. चहा परत आल्यावर. चहा आधी घेतला की पेपर येतो, पेपरामागून फोन येतो, आणि साडेसात वाजतात.

पावसाचं वाक्य वेगळं बांधा: ‘पाऊस असेल तर सोसायटीच्या जिन्यात दहा मिनिटं.’ जून ते सप्टेंबर हे वाक्य नसेल तर आठवड्याचे तीन दिवस हातचे गेलेच म्हणून समजा.

पहिल्या दोन आठवड्यांचं माप मुद्दाम लहान ठेवा. आठवड्यातले चार दिवस, दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. अगदीच नको वाटलं तर बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, तेही धरायचं. इतक्या कमी चालण्याने दम वाढणार नाही, हे खरं. पण या पंधरवड्यात वेळ आणि खूण एकमेकांना चिकटवायची असतात, एवढंच काम. अकराव्या मिनिटाला छान वाटतंय म्हणून तासभर चालू नका. दुसऱ्या दिवशी नडगी ठणकते आणि तिसऱ्या दिवशी सबब तयार असते.

बऱ्याचदा खरी अडचण आदल्या रात्रीची असते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनाचा सांगावा असा, की नुसती सुखस्वप्नं रंगवल्याने हातून काम कमी होतं. स्वप्नाशेजारी आपल्या आतला अडथळा मांडला तर फरक पडतो. तो प्रामाणिकपणे लिहिलात तर ‘वेळ नाही’च्या जागी ‘साडेबारापर्यंत अंथरुणात फोन’ असं निघतं. मग फोनचं चार्जिंग स्वयंपाकघरात लावा. सकाळ जमतच नसेल तर भांडत बसू नका, संध्याकाळ घ्या. फक्त टेकडीवर एकटे जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत खाली या.

मुहूर्ताची वाट बघू नका, असं म्हटलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. पाडवा, दसरा, १ जानेवारी, वाढदिवस यांना नावं ठेवायचं कारण नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जिमकडे जास्त वळतात, हे २०१४च्या एका अमेरिकन अभ्यासात आकडेवारीतून दिसलं आहे. तो जोर खरा असतो, पण थोडे दिवसच टिकतो. तेव्हा त्या दिवशी वर्षभराची फी भरण्यापेक्षा वर सांगितलेली दोन वाक्यं लिहा आणि बूट घ्या. तळवा झिजलेले जुने बूट गडाच्या वाटेवर घात करतात, पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर तर फारच.

सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करू नका. ‘मी आता गड चढणारा माणूस’ ही ओळख टाळ्यांतूनच मिळाली की पुढची मेहनत सैल पडू शकते. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या प्रयोगांत असंच दिसलं होतं. त्याऐवजी एकाच माणसाला ठरलेली वेळ द्या, ‘सहा दहाला गेटवर’. काका-काकू, शेजारची ताई, कोणीही चालेल. खाली कोणीतरी ताटकळतंय ही जाणीव अंथरुणातून उठवते.

तिसऱ्या आठवड्यापासून वेळ वाढवत चौथ्याअखेर पंचवीस-तीस मिनिटांवर आणा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोनदा पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि चढाला सोप्या. आधी एक फेरी, मग दोन. सातव्यापासून हनुमान टेकडी किंवा तळजाई, दहाव्याला वेताळ टेकडी. चढताना तुटक का होईना, पण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दही फुटत नसेल तर वेग जास्त आहे. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, वेळ किंवा चढ. रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणं यांतलं काही असेल तर टेकडीआधी डॉक्टर.

अकराव्या आठवड्यात सिंहगड अर्धाच चढा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीएमएलची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, बस आहे. पहाटे निघा, लिटरभर पाणी घ्या, निम्म्यातून परत फिरा. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही पूर्ण चढाईसाठी राखून ठेवा. अर्धाच का, तर उतरण. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. हे ठाऊक नसलेली माणसं मंगळवारी ‘आपल्याला झेपत नाही’ म्हणून सोडून देतात. ते नुसतं नवखेपण असतं, दुसऱ्या खेपेला बरंच कमी होतं. गुडघ्याच्या आत टोचलं किंवा सूज आली, तर मात्र थांबायचं.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीने करा, फक्त ‘गेलो’ची खूण. सलग दिवसांची साखळी मोजू नका, ती तुटली की माणूसही तुटतो. आठवड्याला चार खुणा, कुठल्याही वारी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवस निघाला, पण अंदाज १८पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते, आणि व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा ऐकीव हिशेब धरून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हा पसारा लक्षात ठेवावा.

दोन आठवडे कोपऱ्यापर्यंतही जावंसं वाटलं नाही, तर ध्येय आपलं आहे की मित्राचे फोटो बघून घेतलेलं, हे तपासा. नको असेल तर बदला, त्यात कमीपणा नाही. पण कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आळशीपणाचा शिक्का न मारता डॉक्टरांना भेटा.

गणपती आणि दिवाळीत खंड पडणारच. त्याचं वाक्य आत्ताच लिहून ठेवा: आठवडाभर सुटलं तर जिथे होतो तिथूनच, दोन-तीन आठवडे सुटलं तर निम्म्या वेळेपासून, महिनाभर सुटलं तर पुन्हा दहा मिनिटं. आणि तारीख पुढे ढकला, चढाई तीच ठेवा.