चवरी कुठल्या हातात?

रविवार, रात्री

चार संध्याकाळी खपून शाईने काढलेली दीदारगंजची यक्षी, ती चवरीवाली जुनी दगडी मूर्ती, आज आईला दाखवली. तिने चष्मा पुसून पाहिली. म्हणाली, "छान जमलीय. पण चवरी डाव्या हातात कोण ढाळतं गं?"

मी हसले. बावीस-एक शतकांपूर्वीची म्हणतात तिला, तिला कुठले आपले उजव्या-डाव्याचे नियम! मग मोबाइल उघडला आणि गप्पच बसले. बाकी सगळ्या फोटोंत चवरी उजव्या हातात, आणि डावा हात तुटलेला. मी ज्यावरून काढलं तो फोटो कुणीतरी आरशासारखा फिरवलेला होता. पिंटरेस्टवर सापडला तेव्हा त्यातल्या उजेडावरच भाळले होते. चुनारचा दगड, त्यावर ती झिलई, पोटावरच्या वळ्यासुद्धा चमकतात. १९१७ साली गंगेकाठी सापडली, आता पाटण्याच्या बिहार म्युझियममध्ये असते, हे सगळं वाचून ठेवलं होतं. हात कोणता, ते नाही पाहिलं.

स्कॅन करून चित्र परत फिरवून बघितलं. यक्षी सुधारली, पण माझ्या तिरप्या रेघा उलट्या झाल्या. दुसऱ्याच कुणाच्या हातच्या वाटतात. ठेवून दिलं.

खरी धास्ती पुढच्या चित्राची. ग्यारसपूरची शालभंजिका, तीही जुनी दगडी मूर्तीच, काढायचीय. तिचे त्रेसष्ट फोटो जमवलेत. आता ओळीने लावून पाहिले, तर दोघा-तिघांत मान एकीकडे, बाकीच्यांत दुसरीकडे! हिला विचारायची सोय नाही, दोन्ही हात गेलेले. काही चित्रं तर यंत्राने बनवलेली, त्यांत हात जोडून दिलेत, बांगड्या भरल्यात, एकीला चक्क नथ. एवढ्या जुन्या मूर्तीच्या नाकात नथ! ती बघूनच पुसून टाकली. बहुमत मोजून मान ठरवावी, असंही मनात आलं. पण एकच उलटा फोटो शंभर जणांनी उचलला असला तर?

आणि गंमत म्हणजे बाई राहते आमच्याच ग्वाल्हेरात. किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालात, जाळीआड. लष्कर भागातून टेम्पोने जाता येतं. शाळेच्या सहलीनंतर मी तिकडे फिरकलेले नाही.

उद्या सोमवार, म्युझियम बंद. मंगळवारी जाते. आई म्हणतेय, मीपण येते, तुझं काही खरं नाही.