गुणपत्रिकेवरचं मधलं नाव आणि सहा आठवडे

कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र या जोड अभ्यासक्रमाला प्रवेश मिळून महिना झाला. तरी जुन्या कॉलेजच्या ऑफिसातली ती खिडकी आठवली की अजून डोकं तापतं.

अर्ज, निबंध, शिफारसपत्रं, सगळं पंधरा दिवसांत उरकलं. अडलं ते गुणपत्रिकेपाशी. एका वर्षाच्या गुणपत्रिकेवर माझं मधलं नाव पूर्ण, दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर नुसतं आद्याक्षर. विद्यापीठाला दोन्हीकडे एकच नाव हवं होतं आणि प्रती सीलबंद पाकिटात. खिडकीतून उत्तर आलं, "अर्ज द्या, आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी गेले, तर अर्जच सापडेना. दुसरा दिला. मग म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. ते नेलं, तर सही करणारे साहेब रजेवर. ते परतल्यावर कळलं की चूक छपाईतली होती, प्रतिज्ञापत्राची गरजच नव्हती! पहिल्याच दिवशी कुणी रजिस्टर उघडून पाहिलं असतं तर? यात सहा आठवडे गेले. मुदतीला चार दिवस उरले असताना पाकीट हातात आलं आणि मी बाहेर पायरीवर बसून रडले.

म्हणून कळकळीने सांगते, तोंडी आश्वासनावर थांबू नका. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती. दुसऱ्याची घेतली, म्हणून तो हरवला नाही.

त्या खेपांमध्ये वाचन मात्र भरपूर झालं. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर होते, हे महत्त्वाचं, असं बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं. उशीर माणसाला कसा पोखरतो, ते मला त्या रांगेत उमजलं.

प्रवेशाच्या मुलाखतीत इंग्लंडमधला १८८४ चा डडली आणि स्टीफन्स खटला निघाला. भर समुद्रात होडीत उपाशी अडकलेल्या खलाशांनी आजारी पोराला मारून खाल्लं होतं. जीव वाचवण्याची गरज हा खुनाला बचाव होत नाही, असा निकाल लागला. फाशी सुनावली गेली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मी निकाल धडाधड सांगितला, पण मुलाखत घेणाऱ्यांना हवा होता युक्तिवाद, तोही दोन्ही बाजूंनी. घरी मोठ्याने बोलून सराव करा, आधी खलाशांचे वकील व्हा, मग सरकारचे.

आकडेमोडीला घाबरत असाल तर आत्ताच हात घाला. नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले सगळे गुन्हे नव्हेत. कितीतरी जण तक्रारच करत नाहीत. त्यामुळे पोलिसांचे आकडे आणि पीडितांची सर्वेक्षणं शेजारी ठेवून वाचायची सवय लागते.

हो, आणि पाकिटावरचा शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर उमटला पाहिजे. तसा नसेल तर खिडकीवरून हलू नका.