तुम्ही विचारलंत म्हणून: घर चाकांवर आहे, मग पत्ता कोणता?

न्यू जर्सीतले घर विकून आम्ही उभयता मोटरहोममध्ये कायमचे राहू लागलो, तेव्हापासून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, पुण्याहून येणाऱ्या फोनवर आणि कॅम्पग्राउंडमध्ये शेजारी उतरलेल्या भारतीय कुटुंबांकडूनही एकच प्रश्न येत राहतो: तुमचा पत्ता कोणता, टपाल कुठे येते आणि गाडीचे रजिस्ट्रेशन कुठल्या राज्यात केले आहे? जेवणाखाण्याचे आणि करमणुकीचे प्रश्न त्यानंतर येतात. असे राहण्याचा विचार निवृत्तीच्या उंबरठ्यावरची बरीच मराठी माणसे गंभीरपणे करत आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आज रात्री आपण जिथे झोपतो ते ठिकाण, जिथे आपले टपाल येते तो पत्ता आणि कायदा ज्या राज्याचे रहिवासी म्हणून आपल्याला ओळखतो ते डोमिसाइल, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या एकाच जागी येतात, म्हणून त्यांचे वेगळेपण त्याला कधी जाणवत नाही. महाराष्ट्रात डोमिसाइलच्या दाखल्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जमवण्याची आपल्या पिढीला सवय आहे. त्यामुळे अमेरिकेत सर्वसाधारणपणे ते वर्षे मोजून नव्हे, तर कायम राहण्याचा हेतू आणि त्या हेतूशी जुळणारी कृती यांवरून ठरते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. मात्र इथला नियमही कडक आहे. माणसाला एका वेळी एकच डोमिसाइल असते आणि नवे पक्के झाल्याशिवाय जुने सुटत नाही. ‘आता आम्ही कुठलेच नाही’ असे म्हणण्याची मुभा कायदा देत नाही. तुम्ही नवे राज्य निवडून तसे वागला नाहीत, तर जुने राज्य तुम्हाला आपलेच समजते, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्याने आपले समजणे म्हणजे तिथला आयकर भरत राहणे होय.

चाकांवर राहणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा या तीन राज्यांपैकी एखादे निवडतात. तिन्ही ठिकाणी व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि तिन्ही ठिकाणी टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या जुन्या, अनुभवी संस्था आहेत. साउथ डकोटाची ख्याती हॉटेलच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या एका रात्रीच्या पावतीवर ड्रायव्हिंग लायसन्स मिळण्यासाठी आहे. फ्लोरिडामध्ये डोमिसाइलचे प्रतिज्ञापत्र काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात रीतसर नोंदवता येते, ही सोय मला फार चांगली वाटते. आम्ही टेक्सस निवडले, कारण मुलगी ह्यूस्टनला असते आणि हातपाय थकल्यावर आम्ही तिच्याजवळच जाणार आहोत. माझ्या मते कराचा दर किंवा रजिस्ट्रेशनची फी पाहून राज्य निवडणे घातक आहे. उद्या कुणी विचारले की याच राज्याशी तुमचा संबंध काय, तर एका वाक्यात खरे उत्तर देता आले पाहिजे.

आमचा पत्ता लिव्हिंग्स्टन गावचा आहे. ह्यूस्टनच्या ईशान्येला पोक काउंटीत हे लहानसे गाव आहे आणि 1978 साली स्थापन झालेल्या एस्केपीज या आरव्हीधारकांच्या, म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाड्या असणाऱ्यांच्या क्लबचे मुख्यालय तिथे आहे. हजारो फिरस्त्यांचे टपाल तिथे येते, सभासदांप्रमाणे वेगळे केले जाते आणि सभासद सांगेल तेव्हा, सांगेल त्या गावी रवाना होते. आपले टपाल दुसऱ्याने स्वीकारण्यासाठी अमेरिकी टपाल खात्याचा 1583 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यासोबत ओळखीचे दोन पुरावे लागतात आणि सही नोटरीसमोर करण्याची पद्धत आहे. मग रस्त्याच्या नावापुढे तुमचा पी.एम.बी. क्रमांक, म्हणजे खासगी टपालपेटीचा क्रमांक लागतो, आणि तो पत्ता तुमचा होतो. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. अशी सेवा सोडून दुसरीकडे जाताना टपाल खाते तुमचे टपाल नव्या पत्त्यावर वळवून देत नाही. प्रत्येक बँक, विमा कंपनी आणि कार्यालय यांना तुम्हालाच कळवावे लागते. त्यामुळे सेवा निवडताना ती स्वस्त आहे का यापेक्षा ती आणखी वीस वर्षे टिकेल का, हे पाहावे.

टपाल प्रत्यक्ष हाती कसे येते? पाकिटांचे फोटो आधी पाहून कचरा तिथेच फाडायला सांगता येतो, आणि उरलेला गठ्ठा आम्ही पुढच्या मुक्कामाच्या गावी ‘जनरल डिलिव्हरी’ने मागवतो. आपले नाव, त्याखाली जनरल डिलिव्हरी हे शब्द, गाव, राज्य आणि पिनकोड एवढाच पत्ता लिहायचा, आणि पोस्टात जाऊन ओळखपत्र दाखवून गठ्ठा घ्यायचा. भारतातही पोस्टात येऊन पत्र घेण्याची ही सोय जुनी आहे, पण ती वापरणारे आता क्वचित भेटतात. इथे आम्ही त्यासाठी मुद्दाम लहान गाव निवडतो. मोठ्या शहरात ही सेवा सहसा एकाच ठरावीक पोस्टात असते आणि ते पोस्ट शहराच्या गर्दीत, मोटरहोम उभे करायला जागा नसलेल्या भागात असते. लहान गावात पोस्टमास्तरांना आधी फोन करून गठ्ठा किती दिवस ठेवाल हे विचारता येते, आणि ते आपुलकीने उत्तर देतात. खासगी कुरिअरची पार्सले मात्र या पत्त्यावर मागवू नयेत; ती कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात किंवा कंपनीच्या लॉकरमध्ये घ्यावीत.

आता गाडीकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. टेक्ससचे रहिवासी झाल्यावर 30 दिवसांत गाडीचे रजिस्ट्रेशन आणि 90 दिवसांत लायसन्स बदलून घ्यावे लागते. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी पत्ता घ्यावा, मग त्या पत्त्यावर गाडीचा विमा उतरवावा, तो दाखवून काउंटीच्या कर कार्यालयात टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, आणि रजिस्ट्रेशन करावे आणि शेवटी लायसन्सला जावे, कारण नव्या रहिवाशाकडे गाडी असेल तर लायसन्सच्या खिडकीवर तिचे रजिस्ट्रेशन आणि विमा मागतात. दुसऱ्या राज्याचे चालू लायसन्स जमा केले तर 30 दिवसांच्या वास्तव्याची अट लागत नाही. आमचे मोटरहोम आणि त्याच्यामागे ओढून न्यायची छोटी गाडी, दोन्ही आधीपासून आमच्या नावावर न्यू जर्सीत नोंदलेल्या होत्या, म्हणून सव्वासहा टक्के विक्रीकराऐवजी नव्या रहिवाशाचा प्रत्येकी 90 डॉलरचा ठरावीक कर लागला. जुन्या नंबर प्लेट न्यू जर्सीला परत केल्या आणि त्यानंतरच तिथला विमा बंद केला. ही गोष्ट उलट्या क्रमाने करू नये. गाडी 26,000 पौंडांपेक्षा जड असेल तर टेक्ससमध्ये वरच्या वर्गाचे लायसन्स लागते, हे मोठे मोटरहोम विकत घेण्याआधी तपासावे.

दरवर्षी नूतनीकरण ऑनलाइन होते, पण समोरच्या काचेवर आतून चिकटवायचे स्टिकर टपालानेच येते, आणि त्या वेळी आपण ओरेगनात किंवा मेनमध्ये असू शकतो. मुदत संपण्याच्या 90 दिवस आधीपासून नूतनीकरण करता येते आणि आम्ही ते पहिल्याच आठवड्यात उरकतो. पूर्वी त्याआधी सुरक्षा तपासणी लागे आणि दूर असणाऱ्यांची मोठी अडचण होई. 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची ती तपासणी बंद झाली असून तिच्या जागी साडेसात डॉलरची फी आली आहे. मोठ्या शहरांभोवतीच्या काही काउंट्यांत धुराची तपासणी अजून आहे, पोक काउंटीत नाही.

मोंटानात नावापुरती कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घेतली की विक्रीकर लागत नाही, असा सल्ला तुम्हाला कॅम्पग्राउंडमध्ये हमखास मिळेल. मोंटानात विक्रीकर नाही हे खरे आहे. पण राहायचे एका राज्यात आणि कर चुकवण्यासाठी कागद दुसऱ्या राज्यात करायचे, यामागे इतर राज्ये लागतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही मालक कोण आणि गाडी असते कुठे, हे विचारते. आमच्या घराला चाके असली तरी ते घर आहे, आणि घराची मालकी खोट्या कागदावर उभी करू नये, असे मला मनापासून वाटते.

विमा कंपनीला आपण गाडीत बारा महिने राहतो हे स्पष्ट सांगावे. सुट्टीपुरत्या वापराच्या पॉलिसीत, गाडीच्या पायऱ्यांवरून कुणी पाहुणा पडला तर घराच्या विम्यात असते तसे संरक्षण नसते. कायम राहणाऱ्यांसाठीची पॉलिसी वेगळी असते आणि महागही असते. आरोग्य विम्याबद्दल तर राज्य ठरवण्याआधीच चौकशी करावी. 65 वर्षांखालच्यांना बाजारात मिळणाऱ्या योजना काउंटीला बांधलेल्या असतात, आणि टेक्ससमधल्या बहुतेक योजनांमध्ये जवळपासच्याच डॉक्टरांची यादी असते, त्यामुळे दूर असताना तातडीच्या उपचारांपलीकडे फारसे काही मिळत नाही. 65 नंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालते, पण खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या योजना पुन्हा ठरावीक भागापुरत्या असतात. फिरणाऱ्याने हा फरक नीट समजून घ्यावा. माझ्या ओळखीतल्या काहींनी केवळ या एका कारणाने 65 पूर्ण होईपर्यंत घर विकले नाही, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

बँकांचा अनुभव त्रासाचा आहे. एका बँकेच्या संगणकाने आमचा पत्ता टपाल संस्थेचा आहे हे ओळखून खाते रोखले आणि राहण्याचा पत्ता मागितला. ग्राहकाची ओळख पटवण्याचा केंद्रीय नियमच बँकेला तसे करायला लावतो, पण त्याच नियमात एक वाट आहे: ज्याला स्वतःचा राहण्याचा किंवा व्यवसायाचा पत्ता नाही, त्याच्या जवळच्या नातलगाचा किंवा संपर्कातल्या व्यक्तीचा पत्ता चालतो. मुलीचा पत्ता राहण्याच्या रकान्यात आणि लिव्हिंग्स्टनचा टपालाच्या रकान्यात लिहिल्यावर प्रश्न सुटला. फोनवरच्या कर्मचाऱ्याला ही तरतूद बहुधा ठाऊक नसते. वरिष्ठांशी बोलण्याची विनंती शांतपणे करावी.

माझ्या पत्नीने भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. ती ग्रीन कार्डावर आहे, आणि अशांसाठी एक जास्तीची जबाबदारी असते. पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठीचा एआर-11 फॉर्म ऑनलाइन भरता येतो आणि त्यात राहण्याचा पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगळे लिहिता येतात. आम्ही एखाद्या ठिकाणी महिनाभर राहायचे ठरवले की त्या कॅम्पग्राउंडचा पत्ता राहण्याच्या रकान्यात भरतो, टपालाचा पत्ता तोच ठेवतो आणि पोच जपून ठेवतो. या खात्याची पत्रे टपाल खाते पत्ताबदलाच्या अर्जावर पुढे पाठवत नाही, म्हणून टपालाचा पत्ता न बदलणारा असणे तिच्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी आपण कोणत्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो हेही राज्यावरून ठरते, टेक्ससवाल्यांना ह्यूस्टन. तिथे तिचे टेक्ससचे लायसन्स पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मतदानाचा हक्क मी फार जपतो, आणि तिथेच नियम सर्वांत वेगाने बदलत आहेत. साउथ डकोटाने 2023 मध्ये मतदार नोंदणीसाठी 30 दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. टेक्ससने 2021 च्या कायद्याने व्यावसायिक टपालपेटीचा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून देण्यावर निर्बंध आणले आणि नोंदणी अधिकाऱ्याला पुरावा मागण्याचा अधिकार दिला. अनेक फिरस्ते यावर नाराज आहेत. मला त्यामागची शंका समजते: ज्या गावात कधी पाऊल ठेवले नाही, तिथल्या शाळांचे आणि रस्त्यांचे प्रतिनिधी मी का निवडावेत? म्हणून आम्ही दरवर्षी लिव्हिंग्स्टनला क्लबच्याच आरव्ही पार्कमध्ये येऊन राहतो, दातांचा डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर त्याच भागातले ठेवले आहेत आणि त्या मुक्कामाच्या पावत्या फाइलला लावतो. निवडणुकीच्या वेळी काउंटीबाहेर असलो तर मतपत्रिका बाहेरच्या पत्त्यावर मागवता येते. त्यासाठीचा अर्ज मुक्काम नक्की करून वेळेत करावा लागतो.

शेवटची गोष्ट इच्छापत्राची. टेक्सस हे असे राज्य आहे की जिथे लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची समाईक मानली जाते. न्यू जर्सीत तसे नाही. राज्य बदलल्यावर आमची इच्छापत्रे, वैद्यकीय निर्णयांचा अधिकार देणारी कागदपत्रे आणि मुखत्यारपत्रे टेक्ससच्या वकिलाकडून नव्याने करून घेतली. वाटेत कुठल्याही राज्यात काही झाले, तरी मुलीने कोणत्या काउंटीच्या न्यायालयात जायचे हे तिला आज माहीत आहे. मूळ कागद तिच्याकडे आहेत, सही केलेल्या प्रती मोटरहोममध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात आहेत, आणि त्याच कप्प्यात गाडीचे रजिस्ट्रेशन आणि विम्याचे कागद ठेवले आहेत.