मेड्युलाचं पान आधी उघडा

शनिवारी दुपारी भाचीला घेऊन केईएम हॉस्पिटलसमोरच्या मेडिकल पुस्तकांच्या दुकानात गेले होते. तिचं एमबीबीएसचं पहिलं वर्ष. डोकं-मान संपत आलंय, आता मेंदूची रचना, म्हणजे न्यूरोॲनॅटॉमी, सुरू होणार. गाडीत बसल्यापासून तिचं एकच चाललं होतं, "मावशी, सीनियर्स एक पुस्तक सांगतात, आमच्या मॅडम दुसरं सांगतात, यूट्यूबवर तिसरंच. तू फक्त नाव सांग, मी घेऊन टाकते."

मी नाव सांगितलं नाही. वीस वर्षं होऊन गेली मला मुंबईत ॲनॅटॉमी शिकवून, आणि दर वर्षी हा प्रश्न येतो. पूर्वी मीही पटकन एक नाव सांगून मोकळी व्हायचे. मग डायसेक्शन हॉलमध्ये त्याच मुलांच्या हातात तेच पुस्तक दिसायचं, पहिली चाळीस पानं पिवळ्या हायलायटरने रंगलेली आणि पुढची कोरी. पुस्तक वाईट नसायचं. त्या मुलाने ते दुकानात उघडूनच पाहिलेलं नसायचं.

म्हणून भाचीला नावाऐवजी एक पेशंट दिला. साठीचे गृहस्थ, सकाळी उठताना जोरात चक्कर आली. आवाज घोगरा झालाय, पाणी गिळताना ठसका लागतो. डावी पापणी किंचित उतरलीय, डावी बाहुली लहान दिसते. डाव्या गालाला टाचणी टोचलेली कळत नाही. पण अंगावर बघितलं, तर टाचणी कळत नाही ती उजव्या हातापायाला. हातापायांची ताकद मात्र शाबूत. चेहरा डावा आणि अंग उजवं, असं का? "याचं उत्तर या दुकानातल्या प्रत्येक पुस्तकात आहे," म्हटलं. "कुठलं पुस्तक तुला तिथपर्यंत नेतं, ते बघ."

हा आजार जुनाच आहे. वॉलेनबर्गने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या लगेच वर असलेल्या आणि शाळेच्या पुस्तकात ज्याला मस्तिष्कपुच्छ म्हणतात त्या मेड्युलाच्या एका बाजूचा, बाहेरच्या अंगाचा रक्तपुरवठा बंद पडतो. संपूर्ण मेड्युला जेमतेम तीन सेंटीमीटर लांब, अंगठ्याच्या शेवटच्या पेराएवढी. त्यातला वाटाण्याएवढा तुकडा गेला तरी एवढं सगळं होतं. चेहऱ्याच्या वेदनेचे तंतू ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नसेच्या स्पायनल ट्रॅक्टमधून (ट्रॅक्ट म्हणजे तंतूंचा जुडगा) खाली उतरताना अजून बाजू बदललेली नसते, म्हणून डावा गाल. अंगाच्या वेदनेचे तंतू मात्र खाली मज्जारज्जूतच पलीकडे जाऊन, स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट होऊन वर आलेले असतात, म्हणून उजवं अंग. दोघं तिथे एकमेकांजवळ राहतात. गिळण्याच्या आणि आवाजाच्या स्नायूंना हुकूम देणारा पेशींचा पुंजका, न्यूक्लियस अँबिग्युअस, तोही शेजारी, म्हणून गिळणं आणि आवाज गेला. हालचालीचे हुकूम खाली नेणारा पिरॅमिड मध्यरेषेजवळ, पुढच्या बाजूला, म्हणून ताकद वाचली.

न्यूरोॲनॅटॉमी म्हणजे हे शेजार कळणं. पाठांतराचा विषय म्हणून मुलं तिला घाबरतात, पण ती चाळ आहे. कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि कोणता जिना कुठे पलीकडच्या बाजूला जातो, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की निम्मं पाठांतर गळून पडतं.

दुकानातल्या काकांनी काउंटरवर चार पुस्तकं मांडली आणि बसायला स्टूलही दिलं. इंदरबीर सिंग यांच्या पुस्तकात भाचीने तीन ठिकाणी बोटं घालून ठेवली, कारण ट्रॅक्ट्सचं प्रकरण वेगळं आणि ब्रेनस्टेमच्या (मेंदूचा देठ, मेड्युला त्याचाच भाग) आतल्या रचनेचं वेगळं. माहिती भरपूर, आणि कुठला न्यूक्लियस कुणाशी जोडलाय हे तपासायला मी आजही तेच उघडते. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला ती बोटं सांभाळणं जड जातं. विश्राम सिंग यांच्या पुस्तकातला मेड्युलाचा छेद तिने वहीत पाच मिनिटांत उतरवला. हा गुण छोटा नाही. परीक्षेत जे चित्र काढायचंय ते काढता येईल असंच पुस्तकात हवं. स्नेलमध्ये प्रकरणाची सुरुवातच एका पेशंटने होते, त्यामुळे ती वाचत सुटली. चौथं ब्लूमेनफेल्ड. ते पेशंटपासून निघतं आणि एमआरआय दाखवत पेशंटपाशीच परत येतं, आणि तिचं उत्तर तिथे सर्वांत लवकर सापडलं. माझं ते अतिशय आवडतं पुस्तक. तरीही पहिल्या वर्षाच्या मुलीला मी ते विकत घ्यायला सांगणार नाही. पुस्तक जाडजूड आहे, आणि मेंदू नेहमी वर्षाच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर येतो. तेव्हा हातात जेमतेम काही आठवडे असतात. मेडिसिनच्या पोस्टिंगला वॉर्डात खरा पेशंट भेटेल तेव्हा लायब्ररीतून काढावं, मग ते पान न पान बोलतं. चौरासियांचं बी. डी. सी. तर बहुतेकांकडे असतंच, मेंदूचा खंडही त्यात आता वेगळा आहे. ज्याला तेवढं पुरतं, त्याने दुसरं घेऊच नये.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक पुस्तकात बघायला लावते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. छेदाच्या चित्रात वर काय आहे? ॲनॅटॉमीच्या पुस्तकांत ब्रेनस्टेमचा छेद परंपरेने पाठीकडची बाजू वर ठेवून छापतात. एमआरआयवर पोटाकडची बाजू वर असते, शिवाय पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे. वर्षभर एका दिशेने पाहिलेला मिडब्रेन, म्हणजे ब्रेनस्टेमचा वरचा भाग, वॉर्डात उलटा समोर येतो, आणि चांगली हुशार मुलं गप्प उभी राहतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांना विषय येत असतो. हेन्सच्या ॲटलासमध्ये हे ओळखून दोन्ही दिशांनी चित्रं दिलेली आहेत. तुमच्या पुस्तकात तशी नसतील तर चित्राच्या कोपऱ्यात 'पुढची बाजू' असा बाण स्वतः काढून ठेवा आणि कधीतरी पुस्तक उलटं धरून वाचा.

दुसरी अशीच अडचण रंगांची. आमच्या बादलीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदू बाहेर काढला की सगळा एकाच मळकट, बदामी रंगाचा असतो. ब्रेनस्टेमचा काप हातमोज्यावर घेतला तर पिरॅमिडचे दोन उंचवटे आणि बाजूचा ऑलिव्ह नावाचा फुगवटा बोटाला लागतो, पण आत लाल-निळा एकही ट्रॅक्ट दिसत नाही. पुस्तकातल्या छायाचित्रांत तर वायगर्टचं स्टेन (काप रंगवायचं द्रव्य) असेल तर व्हाइट मॅटर, म्हणजे तंतूंचा भाग, काळं दिसतं, कारण ते स्टेन मायलिनला, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनाला, रंगवतं. हे एका ओळीत सांगणारं पुस्तक मुलांचे कितीतरी तास वाचवतं. मागच्या वर्षी एक मुलगी टेबलापाशी थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, मी महिनाभर ग्रे आणि व्हाइट उलटं समजत होते." पुस्तकात रंगीत चित्राशेजारी खऱ्या कापाचा फोटो आहे का आणि त्याखाली स्टेन कोणतं ते लिहिलंय का, हे दुकानातच बघून घ्या.

आता जुन्या पुस्तकांबद्दल, कारण पैशांचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे लातूर, नंदुरबार, सिंधुदुर्गातून मुलं येतात, हॉस्टेलला राहतात, आणि घरून किती मागायचं याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मी स्वतः माझं न्यूरोॲनॅटॉमीचं पुस्तक माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलं होतं. आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा मला खूप उपयोगी पडल्या. पण त्यातल्या इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर तंतू एकवटतात त्या पट्ट्याच्या, चित्रात हातापायांकडे जाणारे कॉर्टिकोस्पायनल तंतू पोस्टेरियर लिंबच्या, म्हणजे त्याच्या मागच्या फाट्याच्या, पुढच्या भागात दाखवले होते. कॅप्सूलच्या खालच्या पातळीवर ते प्रत्यक्षात मागच्या अर्ध्यात असतात, आणि नव्या आवृत्त्यांनी ते दुरुस्त केलं. मला ते उशिरा कळलं. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मी फळ्यावर जुनंच चित्र काढत होते, आणि त्या बॅचच्या मुलांबद्दल ती बोच अजून आहे. तेव्हा जुनं पुस्तक जरूर घ्या, पण एक-दोन आवृत्त्यांपेक्षा मागे जाऊ नका, आणि इंटर्नल कॅप्सूलचं पान लायब्ररीतल्या नव्या प्रतीशी ताडून पाहा.

रंगीत ॲटलासची काळी-पांढरी झेरॉक्स घेऊ नका. तिच्यात ट्रॅक्टचा रंग जातो आणि उरते नुसती राखाडी. फोनवरची पीडीएफ लोकलमध्ये उजळणीला ठीक, पण मेड्युलाचा छेद मोठा करायला गेलं की नाव स्क्रीनबाहेर जातं, आणि शेजार कळायला तर सगळं एकदम दिसावं लागतं.

भाची तासभर त्या स्टुलावर होती. मराठी माध्यमातली मुलगी, इंग्रजी वाचताना अजून ओठ हलतात तिचे. स्नेलची भाषा तिला सोपी वाटेल असं मी धरून चालले नव्हते, पण तिने एक पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि मला मराठीत सांगायला लागली, "म्हणजे मावशी, चेहऱ्याची वायर अजून ओलांडलेली नाही, आणि अंगाची खालीच ओलांडून आलीय." मी म्हटलं, हेच घे. काकांनी वर एक प्लास्टिकचं कव्हर घालून दिलं.

रात्री साडेअकराला तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीच्या पानावर मेड्युला, डाव्या बाजूला पेन्सिलीने काळा केलेला त्रिकोण, कोपऱ्यात बाण आणि 'पुढची बाजू'. फक्त ऑलिव्ह तिने पिरॅमिडच्या आत काढला होता. तो बाहेरच्या अंगाला असतो आणि त्या दोघांच्या मधल्या खाचेतून जिभेची नस, हायपोग्लॉसल नर्व्ह, बाहेर पडते, एवढं तिला लिहून पाठवलं. सोमवारी हॉलमध्ये खरा काप हातात घेऊन बघ म्हटलंय.