उपास आहे असं समज

"गोव्यात राहतेस ना, मग ग्लुटेन-फ्रीचं काय कठीण, तुम्ही तर भातच खाता." हे वाक्य मला पुण्याच्या मावशीपासून ते ऑफिसातल्या नवीन पोरापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. अर्धं खरंच आहे. ग्लुटेन म्हणजे गहू-जवात असणारं प्रथिन, तांदळात ते नसतं. सकाळी पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी) आणि सोलकढी, एवढ्यावर राहिलं तर गव्हाचा संबंधच येत नाही. पण एवढ्यावर कोण राहतं हो? हुमणाबरोबर तळलेला बांगडा लागतो आणि तो असतो रव्यात घोळवलेला. वरणाला फोडणी हिंगाची, आणि बाजारातला बराचसा हिंग मैद्यात नाहीतर गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो, डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोण वाचतंय. तवसळी (काकडीचा गोड केक) आजी करायची तांदळाच्या रव्याची, आता अर्ध्या घरांत सरळ गव्हाचा रवा घालतात कारण तो हाताशी असतो. म्हणजे ताटात गहू कुठेच दिसत नाही आणि तरी तो असतो.

आमच्या घरात हे प्रकरण बाबांपासून सुरू झालं. बाबा डिचोलीला भावाकडे असतात, मी फोंड्याला. हायस्कूलात इतिहास शिकवायचे, आता रिटायर्ड, तब्येत काटक, पोट अगदी ठणठणीत. फक्त हिमोग्लोबिन वर चढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, डाळिंब, सगळं झालं तरी आकडा तिथेच. मग एका डॉक्टरला शंका आली आणि त्याने रक्ताची टीटीजी आयजीए ही अँटीबॉडी तपासणारी टेस्ट करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरवातीच्या भागाचे तुकडे तपासले. सिलियाक डिसीज, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आतल्या अस्तराला जे बारीक उंचवटे असतात, ज्यांच्यातून अन्न रक्तात शोषलं जातं, ते झिजून सपाट झालेले, मग लोह अंगी लागणार कुठून. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, तरी सिलियाक असू शकतो हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं हा लहान मुलांचा आजार, तोही पंजाब-राजस्थानकडचा.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगते कारण नातेवाईकांत हमखास घोळ होतो. शंका आली की लोक आधी गहू बंद करतात आणि मग टेस्टला जातात. असं करायचं नाही. गहू बंद केला की रक्तातल्या अँटीबॉडी खाली येतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. आमच्या एका काकांनी "आजपासून गहू सोड, बघ कसा बरा होतोस" असा सल्ला दिलाच होता, पण डॉक्टर म्हणाले बायोप्सी होईपर्यंत नेहमीसारखं खा. त्यामुळे ते सगळे दिवस बाबा डॉक्टरच्या आज्ञेने रोज सकाळी पोय (गोव्याचा गव्हाचा पाव) खात होते, आणि इतक्या आनंदाने औषध घेणारा पेशंट मी दुसरा पाहिला नाही.

सिलियाक घराण्यातून येतो, म्हणून पेशंटच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांनी टेस्ट करून घ्यायची असते. मी आणि भावाने केली. भाऊ निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. मला तर काहीसुद्धा त्रास नव्हता, थकवा होता पण तो नोकरी करणाऱ्या कुठल्या बाईला नसतो. भावाचं आत्ता निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नव्हे, पुढे पुन्हा तपासावं लागतं. किंवा मग एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जीन टेस्ट करायची, त्यात दोन्ही नसले तर सिलियाक होण्याची शक्यता जवळजवळ संपते. भाऊ म्हणतो बघू. तो काय बघणार नाही, मला माहीत आहे.

तर आता दोन घरं, दोन पेशंट. माझं सोपं होतं, माझं किचन माझ्या हातात. गव्हाचं पीठ घरातून हद्दपार केलं, पोळपाट-लाटणं देऊन टाकलं (लाकडात पीठ मुरतं, कितीही घासा), तवा नवीन घेतला, चाळणी नवीन घेतली. नवरा पोळ्या बाहेर खातो, म्हणजे खातो असं म्हणतो, खरं तर तो घावनं आणि भाकरीवर माझ्यापेक्षा जास्त खूश आहे. पीठ दळायचा प्रश्न होता, कारण गिरणीत आपल्या तांदळाच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि पहिलं ओंजळभर पीठ त्या गव्हाचंच येतं. आम्ही घरघंटी घेतली. जिला ते शक्य नाही तिने तांदूळ भिजवून मिक्सरला वाटावेत, पोळे, घावनं, सान्नां सगळं त्यात निभतं. नाचणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अख्खी आणायची, घरी निवडून धुवून वाळवून दळायची. तयार ग्लुटेन-फ्री बिस्किटं आणि पिठं मिळतात, पण महाग, आणि बिस्किटांत बघाल तर साखर आणि स्टार्च, फायबर नावालाच. त्यापेक्षा नाचणीचं तिजान (खीर) बरं.

कठीण होतं ते बाबांकडचं. ज्याने सगळं आयुष्य पोदेराच्या (पाववाल्याच्या) हॉर्नवर उठून पोय आणि चहा घेतलाय त्याला हे खाऊ नका सांगणं, आणि सांगणारी कोण तर पोटची पोरगी. पहिल्यांदा रागावले. मग म्हणाले, "अर्धी खातो, अर्ध्याने काय होणार?" आता हा प्रश्न चुकीचा नाही, मलाही पडला होता, म्हणून मी त्यांना हिशेबच दिला. एका ब्रेडच्या स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅमच्या वर ग्लुटेन असतं. अभ्यासात असं दिसलंय की दिवसाला 50 मिलिग्रॅम जरी रोज पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा-पन्नासावा भाग, बशीत सांडलेला चुरा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, ते याच कारणाने. हिशेब ऐकून घेतला, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसेना.

पटलं ते इतिहासाने. विलेम डिके नावाचा एक डच बालरोगतज्ज्ञ होता, त्याला आधीपासून संशय होता की सिलियाकच्या मुलांना गहूच बाधतोय. 1944-45 च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खायला लागले. आणि सगळी माणसं खंगत असताना ही सिलियाकची मुलं मात्र सुधारत होती. युद्ध संपून पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. त्याने पुढे 1950 ला यावर प्रबंध लिहिला. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग दुसऱ्या महायुद्धावर मलाच लेक्चर दिलं, पण त्यानंतर अर्ध्या पोयचा विषय निघाला नाही. म्हाताऱ्या माणसाला 'हे करू नका' एवढं सांगून होत नाही, त्याला कारण द्यावं लागतं, आणि तेही त्याच्या आवडीच्या भाषेत.

बरं, घरचं निस्तरलं. बाहेरचं काय? इथे माझं स्पष्ट मत आहे की पेशंटला सगळ्यात जास्त दमवतं ते खाणं नाही, प्रत्येक ठिकाणी चौकशी करत बसणं दमवतं. यात काय घातलंय, तेल तेच का, चमचा तोच का. विचारलं की समोरची हमखास म्हणणार, "इल्लें खाल्ल्यार कितें जातलें गो?" (थोडं खाल्लं तर काय होणार गं?) आणि मग पेशंट लाजेने खातो. बाबांनी सत्यनारायणाचा प्रसाद असाच खाल्ला, नाही म्हणवेना म्हणून. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हणून आम्ही ठरवलं की बाबांच्या वतीने चौकशी वहिनीने किंवा मी करायची, त्यांच्या देखत नाही, आधी फोन करून. घरच्यांनी करायची मदत म्हणाल तर माझ्या मते ही पहिली, वेगळी बिस्किटं आणून देणं वगैरे नंतर.

आणि फोनवर काय सांगायचं याचा शोध वहिनीने लावला, तो मी सगळ्यांना देते. ग्लुटेन, ॲलर्जी, ऑटोइम्यून वगैरे सांगितलं की लोक गोंधळतात, कोणी म्हणतं मग मैदा चालेल ना, कोणी म्हणतं मल्टिग्रेन आटा वापरते मी (त्यात गहूच असतो बाई). वहिनी सरळ सांगते, "मामींनो, बाबांचा उपास आहे असं समजा, गव्हाचा." बस. आपल्याकडे एकादशीच्या उपासाला कोणी म्हणत नाही की थोडा भात खाल्ला तर काय होतं. उपासाचं भांडं वेगळं, झारा वेगळा, तेल वेगळं, हे कुठल्याही बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा ही उपासाची धान्यं मुळात ग्लुटेन नसलेलीच. माझी आजी सोवळ्याची होती, तिच्या ओट्याला आम्हा पोरांना हात लावायची सोय नव्हती, मला त्या प्रकाराची चीड होती आणि आजही आहे, कारण तिथे माणसं बाजूला काढली जायची. पण हा चमचा त्या पातेल्यात घालायचा नाही, ही शिस्त घरात आयती होती, ती आता कामाला आली. फरक एवढाच की विटाळ पिठाचा, माणसाचा नाही.

चतुर्थीला नेवऱ्या (मैद्याच्या करंज्या) होतातच, त्या आई करते आणि घर भरून मैदा उडतो. तर आता उकडीचे मोदक, पातोळ्या, मणगणं हे आदल्या दिवशी आणि आधी, मग भांडी बाजूला, आणि मग शेवटी नेवऱ्या. बाबांसाठी आई उकडीच्याच करंज्या करते, नेवरीच्या आकाराच्या, वाफवलेल्या. बाबा म्हणतात ही नेवरी नव्हे, आणि चार खातात. देवळातल्या महाप्रसादात भात, खतखतं (मिश्र भाज्यांचं) बहुतेक वेळा ठीक असतं, खतखत्यात तेफळं पडतात, हिंग नाही. वरणाचं विचारावं लागतं. जत्रेतलं खाजं बेसनाचं असलं तरी तेल कशाकशाचं असेल सांगता येत नाही, म्हणून ते बंद. गोबी मंचुरियन तर विचारूच नका, मैदा आणि वर सोया सॉस, त्यातही गहू. 2024 मध्ये म्हापसा पालिकेने रंग आणि स्वच्छतेच्या कारणावरून त्याच्या गाड्यांवर बंदी घातली तेव्हा सगळे हळहळत होते आणि मी एकटी मनातून खूश, मला नाही तर कोणालाच नाही. (वाईट विचार आहे, असू दे.)

गंमत अशी की आसगाव-हणजूणच्या टूरिस्ट कॅफेत बोर्डावरच ग्लुटेन-फ्री केक लिहिलेला असतो आणि फोंड्याच्या बसस्टँडवर मला केळ्याशिवाय काही मिळत नाही. त्या बोर्डावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, वजन कमी करायला गहू सोडलेल्या लोकांना ओव्हन एकच असला तरी चालतं, आपल्याला चालत नाही. हॉटेलात मासे सांगताना मी रवा नको एवढंच सांगून थांबत नाही, तळू नका, तव्यावर वेगळं करा किंवा हुमणातलेच द्या असं सांगते. बिअर नाही कारण ती जवाची. फेणी आणि हुर्राक काजूचे, ते चालतात, हे भावाने स्वतःहून शोधून काढलं, टेस्ट करायला मात्र त्याला वेळ नाही.

शेजारच्या आंटीच्या भाचीला हाच आजार निघाला. तिला चर्चमधल्या ओस्तीचं (प्रार्थनेत प्रसाद म्हणून देतात त्या पातळ चकतीचं) टेन्शन होतं, कारण ती गव्हाचीच लागते, गव्हाशिवायची चर्च मानत नाही. पण अगदी कमी ग्लुटेनची ओस्त चर्चला चालते, व्हॅटिकनने 2017 च्या पत्रातही तसं स्पष्ट केलंय, फक्त पाद्रीला आधी सांगावं लागतं, आणि आपल्याला किती चालेल ते डॉक्टरला विचारून ठरवायचं. आंटीने ते सगळं जाऊन विचारलं, पोरीला विचारावं लागलं नाही.

बाबांचं हिमोग्लोबिन आता हळूहळू चढतंय, हाडांची तपासणी करायची आहे कारण इतकी वर्षं कॅल्शियमही शोषलं गेलं नसणार. पुढच्या महिन्यात मडगावला मामेबहिणीचं लग्न आहे. केटररचा नंबर मी घेतलाय, पण काल बाबांचा फोन आला की त्यांनी त्याच्याशी आधीच बोलून घेतलं, हिंगाच्या डबीचा फोटोसुद्धा मागवला, आणि फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून त्याला परत पाठवायला लावला. बिचारा केटरर. मी आता त्याला फोन करणार नाहीये.