शिवेपार

इंग्लंडमधल्या एका दफ्तरखान्यात मी जुन्या पॅरिशांचे कागद सूचीत नोंदवते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. आपल्या गरिबांना पोसायची जबाबदारी १६०१च्या कायद्यानं त्याच्यावर टाकली होती. त्यासाठी गावातूनच कर गोळा व्हायचा, आणि तो गोळा करून वाटायला गावातलाच कुणी ओव्हरसीअर नेमला जायचा.

त्या दिवशी घडी उलगडली ती एका हकालपट्टीच्या हुकमाची. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला छापील फॉर्म, मोकळ्या जागा हातानं भरलेल्या, खाली दोन न्यायाधीशांच्या सह्या आणि लाखेचे शिक्के. असे हुकूम मी शेकड्यानं पाहिलेत. बाहेरून आलेला माणूस पुढेमागे गावावर भार होईल असं नुसतं वाटलं, तरी १६६२च्या कायद्यानं त्याला त्याच्या मूळ पॅरिशात परत धाडता यायचं. त्यानं कुणापुढे हात पसरलेला असायलाच हवा, असं नव्हतं. वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेण्याची ऐपत असेल, तर मात्र त्याला कुणी हलवू शकत नसे.

या हुकमात बाईच्या नावापुढे दोन शब्द जास्त होते: अविवाहित, गरोदर.

अनौरस मूल जिथं जन्मेल तिथलं, असा नियम होता. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला बाळंत होण्याआधी शिवेपार करायची घाई. माझी आजी सांगायची, पटकीच्या साथीत लोक मरीआईचा गाडा ओढत शिवेवर नेऊन सोडत, मग पुढचं गाव तो आणखी पुढे ढकली. मला तोच गाडा डोळ्यांपुढे आला.

त्याच पेटीत ओव्हरसीअरची हिशेबवही होती. मी त्या आठवड्याचं पान काढलं. गाडीभाडं. कॉन्स्टेबलची बिअर. आणि लगेच खालच्या ओळीत, त्याच हातानं, त्याच शाईत: गावातल्या एका म्हाताऱ्या विधवेला बुटांचा जोड आणि सरपण. इतकी वर्षं मी या लोकांना निर्दय समजत आले. हा तर म्हातारीच्या पायांची काळजी करत होता!

अर्थात ती मदतही फुकट नव्हती. १६९७पासून मदत घेणाऱ्यानं उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' (पॉपर, म्हणजे कंगाल) हे अक्षर आणि पॅरिशचं आद्याक्षर सगळ्यांना दिसेल असं शिवायचं होतं. जो शिवणार नाही त्याची मदत तोडता येई, नाहीतर त्याला कोंडून सक्तमजुरीला लावता येई.

जेवणाची सुट्टी झाली तरी मला उठवेना. बाईला जिथं धाडलं, तिथली बाप्तिस्म्याची नोंदवही मी मायक्रोफिल्मवर शोधली. हुकमानंतर नवव्या दिवशी तिचं नाव सापडलं. मुलगी झाली होती, बापाची जागा कोरी. म्हणजे त्या गाडीत ती बसली, तेव्हा फार तर आठवडाभराचा अवकाश राहिला असेल.

सूचीत आमचे रकाने दोनच, कुठून आणि कुठे. मी खाली एक ओळ वाढवली आणि तिथं त्या मुलीचं नाव लिहिलं.